अभिरूप न्यायालय आणि खरे न्यायालय : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ व ‘कोर्ट’ यांच्या आधारे न्यायसुधारणेचा विचार

प्रस्तावना

न्यायव्यवस्थेतील सुधारणांची आपल्याकडील चर्चा बहुधा प्रलंबित खटल्यांची संख्या, न्यायाधीशांची रिक्त पदे आणि तारखेवर पडणाऱ्या तारखा यांच्याभोवती फिरत राहते. ही चर्चा अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या व्यक्तीवर अथवा जिच्यासाठी खटला चालतो, ती व्यक्ती या चर्चेत क्वचितच दिसते. न्यायासनासमोर उभे राहिल्यावर तिला काय समजते, तिच्या बोलण्यातील किती भाग कागदावर उतरतो आणि ज्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली तो त्या वेळी कोठे असतो, हे प्रश्न आकडेवारीच्या कक्षेत येत नाहीत. ते साहित्याच्या आणि चित्रपटाच्या कक्षेत मात्र येतात.

मराठी रंगभूमीला न्यायालयाचे आकर्षण जुनेच आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकातील लखोबा लोखंडे स्वतःच आपली बाजू चालवितो आणि साक्षीदारांना आपल्या वाक्चातुर्याने जेरीस आणतो. तरीही न्यायालयात अखेर सत्य उघड होते, हा विश्वास प्रेक्षक बरोबर घेऊन जातो. दोन दशकांनंतर आलेल्या जयवंत दळवी यांच्या ‘पुरुष’मध्ये हा विश्वास उरलेला नाही, न्याय न मिळालेली नायिका तेथे स्वतःच शिक्षा देते. या दोन टोकांच्या मध्ये, विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक ‘रंगायन’ने १९६७ मध्ये रंगभूमीवर आणले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, २०१४ मध्ये, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट आला. व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला.

प्रस्तुत लेखात या दोन कलाकृती एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न आहे. औपचारिक न्यायालय संथ, महाग आणि परके आहे. म्हणून तंटे न्यायालयाबाहेर, आपल्या माणसांत, थोडक्यात मिटवावेत, असे सुधारणावादी विचारांचे एक सूत्र गेली चार दशके मांडले जात आहे. त्यातील निदान बरोबर आहे, हे ‘कोर्ट’ दाखवितो. मात्र त्यावर सुचविलेल्या उपायात कोणता धोका आहे, हे तेंडुलकरांनी तो उपाय कायद्याच्या पुस्तकात येण्यापूर्वीच दाखवून ठेवले होते. मंद न्यायालयाऐवजी जलद न्यायालय आणले म्हणजे न्याय अधिक होतो, हे गृहीतक या दोन्ही कलाकृती मिळून मोडीत काढतात.

आपल्या माणसांचे न्यायालय

तेंडुलकरांच्या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मध्यमवर्गीय दांभिकता, समूहाची हिंसा, स्त्रीची कोंडी या अंगांनी त्याची चर्चा झाली. फ्रेडरिक ड्युरेनमाट याच्या कथेशी असलेल्या साम्यावरूनही वाद झाला. या सर्व चर्चेत न्यायालय हे रूपक मानले गेले. ते रूपक आहेच. परंतु रूपक म्हटले की त्याच्या तपशिलांकडे दुर्लक्ष होते, आणि येथे तर तपशील अत्यंत नेमके आहेत. नाटकातील खटला रूपक म्हणून बाजूला न ठेवता खटला म्हणूनच वाचला, तर न्यायप्रक्रियेची बहुतेक सर्व मूलतत्त्वे त्यात एकामागून एक कशी मोडली जातात हे ध्यानात येते.

‘सोनार मोती टेनमेंट (बॉम्बे) प्रोग्रेसिव्ह असोसिएशन’ ही मंडळी लोकशिक्षणासाठी अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करीत हिंडतात. त्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दलचा खटला चालणार आहे. दुपारचा रिकामा वेळ आहे. गावातील सामंत या साध्या माणसाला कोर्ट कसे चालते ते दाखवावयाचे आहे. म्हणून गंमत म्हणून एक लुटुपुटीचा खटला उभा केला जातो आणि शिक्षिका लीला बेणारे हिला आरोपी केले जाते. हे ठरते ते ती आत गेलेली असताना. तिची संमती कोणी विचारीत नाही, आणि विचारली असती तरी ‘एवढी गंमतसुद्धा समजत नाही का’ या प्रश्नापुढे नकार देणे तिला कितपत शक्य झाले असते हा प्रश्नच आहे. संमतीचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आरोप भ्रूणहत्येचा आहे. सुखात्मे हा वकील फिर्यादीची बाजूही चालवितो आणि बचावाचीही. खऱ्या न्यायालयात त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. येथे मात्र त्याला हवा तो खटला, हवा तो आरोपी आणि हरण्याची भीती नसलेली जागा मिळालेली आहे. साक्षी ऐकीव आहेत. सामंताची साक्ष तर त्याच्या हातातील कादंबरीतून आलेली आहे, आणि ती नेमकी वर्मी लागते म्हणून खरी धरली जाते. तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे, हा १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील नियम (तो २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे) किती शहाणपणाचा आहे, हे पटवून देण्यास याहून चांगले उदाहरण विधी महाविद्यालयांनाही सापडणार नाही. यावरही कडी म्हणजे न्यायाधीश काशीकर न्यायासन सोडून स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात, शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष नानासाहेब शिंदे यांच्याकडे आपण काय ऐकले ते सांगतात, आणि पुन्हा न्यायासनावर जाऊन त्याच साक्षीच्या आधारे निर्णय देतात. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये आणि दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, ही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे आहेत. ती दोन्ही येथे हसत-खेळत मोडली जातात.

बचावाची पाळी येते तेव्हा प्रा. दामले यांना पुकारले जाते. ते हजर नाहीत. बेणारेच्या पोटातील मुलाचा बाप असलेला हा प्राध्यापक संपूर्ण नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही. त्याच्यावर आरोप नाही, त्याला समन्स नाही, त्याच्या वर्तनाबद्दल निकालात एक शब्दही नाही. आरोपीला आपले म्हणणे मांडण्यासाठी दहा सेकंद दिली जातात. त्या वेळी भोवतीची माणसे गोठून उभी राहतात आणि बेणारे दीर्घ स्वगत बोलते. म्हणजे ती जे बोलते ते न्यायालयातील कोणीही ऐकत नाही. त्या स्वगतातील भावव्याकूळ सूर नाटकाच्या उर्वरित कोरड्या उपरोधाशी विसंगत वाटतो आणि नाटककाराने तेथे प्रेक्षकांच्या सहानुभूतीचा सोपा मार्ग धरला, असा आक्षेप घेता येईल. तो आक्षेप काही अंशी रास्तही आहे. मात्र न्यायप्रक्रियेच्या दृष्टीने पाहिल्यास ही रचना अचूक ठरते : आरोपीचे सर्वांत महत्त्वाचे निवेदन अभिलेखात येतच नाही. पुढे निकाल येतो. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायालय तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याचाच आदेश देते. आरोप आणि शिक्षा यांत कोणता संबंध असावा, याचे भान या न्यायालयाला राहिलेले नाही, कारण ते आठवण करून देणारे वरिष्ठ न्यायालय येथे नाही. अपील नाही.

येथे हे लक्षात घेतले पाहिजे की या मंडळींपैकी कोणीही परका नाही. अनौपचारिक न्यायाच्या बाजूने नेहमी असे सांगितले जाते की, निवाडा करणारी माणसे पक्षकारांना ओळखत असतात, त्यांच्या घरची परिस्थिती जाणत असतात, म्हणून निर्णय अधिक मानवी होतो. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे हे सर्व बेणारेला ओळखतात. ती ओळखच तिच्याविरुद्धचा पुरावा होते. पोंक्षेजवळ तिने विश्वासाने काढलेले शब्द साक्षीत येतात; रोकडेने दामल्यांच्या घरी तिला पाहिलेले असते ते साक्षीत येते. शिवाय यांतील प्रत्येकाच्या पदरी काही ना काही अपयश आहे आणि बेणारेने ते चारचौघांत बोलून दाखविलेले आहे. ज्याला हिशेब चुकता करावयाचा आहे त्याच्याच हाती तराजू दिलेला आहे.

लोकअदालत, तंटामुक्ती आणि संमती

नाटकातील या खटल्याचा संबंध प्रत्यक्ष न्यायसुधारणेशी जोडणे काहींना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. पण तसे नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क अन्वये समान न्याय व मोफत विधी साहाय्य हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व झाले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ (अंमल १९९५ पासून) याने लोकअदालतींना वैधानिक दर्जा दिला. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासमान मानला जातो आणि त्याविरुद्ध अपील नाही. न्यायालय शुल्क परत मिळते, वेळ वाचतो, संबंध टिकतात. मोटार अपघाताची नुकसानभरपाई, बँकेची थकबाकी, धनादेश न वटल्याची प्रकरणे अशा वादांत या व्यवस्थेने हजारो सामान्य माणसांची सोय केली, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु अपिलाचा अभाव ज्या एका गोष्टीमुळे समर्थनीय ठरतो ती म्हणजे पक्षकारांची खरीखुरी संमती. २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. अपघाताच्या प्रकरणात पक्षकारांमध्ये तडजोड झालेली नसतानाही लोकअदालतीने स्वतःच नुकसानभरपाई वाढवून दिली होती. लोकअदालतीला न्यायनिर्णय करण्याचा अधिकार नाही, तिने केवळ तडजोड घडवून आणावी, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्या प्रकरणात हेतू दुष्ट नव्हता, उलट दयेचा होता. तरीही तो निवाडा टिकला नाही. मंडळाच्या सद्‌हेतूवर न्याय सोपविता येत नाही, हे तत्त्व काशीकरांच्या न्यायासनाला जितके लागू आहे तितकेच निवृत्त न्यायाधीशांच्या मंडळालाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम हे याचे अधिक जवळचे उदाहरण होय. ग्रामसभेने निवडलेल्या समितीने गावातील तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत आणि उत्तम काम करणाऱ्या गावांना शासनाने पुरस्काराची रक्कम द्यावी, अशी ही योजना. बांधाचे, रस्त्याचे, पाण्याचे कितीतरी वाद यामुळे पोलीस ठाण्यापर्यंत गेले नाहीत. गंभीर गुन्ह्यांत तडजोड करू नये ही मर्यादाही होती. मात्र पुरस्कार मिटलेल्या तंट्यांच्या हिशेबावर मिळत असेल, तर तंटा मिटविणे ही संपूर्ण गावाची गरज होते आणि तक्रार मागे न घेणारी व्यक्ती गावाच्या पुरस्काराच्या आड येणारी ठरते. ती व्यक्ती सासरी नांदणारी स्त्री असेल, भूमिहीन मजूर असेल, तर तिच्या संमतीचे मोल काय, हा प्रश्न योजनेच्या मसुद्यात कोठे दिसत नाही. बेणारेच्या भोवती बसलेल्या मंडळींनाही संध्याकाळचा प्रयोग यशस्वी करावयाचा होता.

जातपंचायतींचा प्रश्न याहून उघड आहे. आपल्याच माणसांनी दिलेला न्याय बहिष्काराच्या रूपाने किती क्रूर होऊ शकतो, याची दखल घेऊनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम करावा लागला, आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. म्हणजे एकाच राज्यात एका दशकाच्या आत शासनाने गावाला तंटे मिटविण्यास प्रोत्साहन दिले आणि समूहाच्या निवाड्यापासून व्यक्तीला वाचविणारा कायदाही केला. यात वरवर विसंगती दिसते. वास्तविक दोन्हींमागे एकच अनुभव आहे : समूह जेथे समानांमधील वाद सोडवितो तेथे तो उपकारक असतो, आणि जेथे तो आपल्यातीलच दुर्बलावर निवाडा देतो तेथे तो घातक होतो. मध्यस्थी अधिनियम, २०२३ मध्ये समुदाय-मध्यस्थीची तरतूद करताना पक्षकारांची पूर्वसंमती आवश्यक मानली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण संमती कोणासमोर आणि कोणत्या परिस्थितीत दिली गेली, हे तपासण्याची व्यवस्था असल्याखेरीज ती केवळ स्वाक्षरी राहील.

‘कोर्ट’ : नियम आहेत, ऐकणारा कोण?

तर मग औपचारिक न्यायालयाकडे परतावे काय? ‘कोर्ट’ या चित्रपटाचे महत्त्व येथे आहे. त्यात सुखात्मेसारखा दुतोंडी वकील नाही, न्यायाधीश साक्षीदार होत नाही, फिर्यादी पक्ष आणि बचाव पक्ष वेगळे आहेत, साक्षीपुराव्याचे नियम पाळले जातात. तेंडुलकरांच्या न्यायालयात जे जे नव्हते ते बहुतेक सर्व येथे आहे. तरीही लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) तुरुंगात राहतो.

मुंबईतील वासुदेव पवार हा सफाई कामगार गटारात मृत्यू पावतो. कांबळे याने वस्तीत गायिलेल्या गाण्यामुळे तो आत्महत्येस प्रवृत्त झाला, असा आरोप ठेवून पोलीस कांबळेला कार्यक्रमातून उचलून नेतात. कलम ३०६, भारतीय दंड संहिता. खटला उभा राहतो, साक्षी होतात, तारखा पडतात. पंच म्हणून आलेला साक्षीदार इतरही प्रकरणांत पोलिसांच्या सोयीने हजर असतो हे उलटतपासणीत बाहेर येते. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमासारख्या वसाहतकालीन कायद्यांतील उतारे संथ सुरात वाचून दाखविते. ती दुष्ट नाही. ती लोकलने घरी जाते, मुलांना शाळेतून आणते, स्वयंपाक करते. आणि तेच ते चेहरे पाहून कंटाळा येतो म्हणून या लोकांना एकदाच वीस वर्षे आत टाकावे, असे सहकाऱ्यांशी जेवताना सहज बोलून जाते. हा सहजपणा काशीकरांच्या नाटकी संतापापेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आहे.

चित्रपटातील सर्वांत समृद्ध प्रसंग मृताच्या पत्नीच्या, शर्मिला पवारच्या, साक्षीचा होय. कसलेही अभिनयकौशल्य न दाखविता, खाली पाहत, ती सांगते : नवरा दारू पिऊन गटारात उतरे, कारण वास सहन होत नसे, संरक्षणाची साधने नव्हती, वायूमुळे त्याचा एक डोळा गेला होता, उतरण्यापूर्वी तो आत खडा टाकी आणि झुरळे बाहेर आली की आत हवा आहे असे समजे. या साक्षीने आत्महत्येचा सिद्धान्त कोसळतो. पण त्याहून महत्त्वाचे असे की, ही सर्व साक्ष न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) इंग्रजीत लघुलेखकाला सांगतात आणि अभिलेखात जाते ते त्यांचे वाक्य. खडा आणि झुरळे यांतील जगण्याची संपूर्ण विद्या एका कर्मणिप्रयोगी इंग्रजी वाक्यात रूपांतरित होते. शर्मिलाने काय सांगितले आणि काय नोंदले गेले, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. बेणारेचे निवेदन अभिलेखात आलेच नाही. शर्मिलाचे आले, पण ते तिचे राहिले नाही.

कायद्याने याचा विचार केलेला नाही असे नाही. साक्ष न्यायालयाच्या भाषेत दिली असेल तर ती त्याच भाषेत नोंदवावी, नोंद साक्षीदाराला वाचून दाखवावी आणि आरोपीला न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजावून सांगावी, या तरतुदी फौजदारी प्रक्रिया संहितेत (कलमे २७७ ते २७९) होत्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्या आहेत. काही अपवाद वगळता जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी अशी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये काढली. तरीही अभिलेखाची भाषा हा सुधारणेच्या चर्चेत दुय्यम, बहुधा अस्मितेचा, मुद्दा समजला जातो. तो अस्मितेचा नाही. पुराव्याच्या अचूकतेचा आहे. चित्रपटातील बचाव पक्षाचा वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर) हा प्रामाणिक, अभ्यासू आणि कांबळेसाठी झटणारा आहे, पण त्याला मराठी नीट येत नाही. आपल्या अशिलाचे गाणे, ज्यावर सगळा खटला उभा आहे, त्याला स्वतःला कितपत कळले असेल? गाणे कोणत्या परंपरेतले, त्यातील आवाहन कोणत्या अर्थाचे, हे समजणारा माणूस त्या दालनात आरोपीवाचून कोणीही नाही. संभाजी भगत यांच्या शाहिरीचा आवाज जिच्या पाठीशी आहे ती कविता न्यायालयात गद्य आरोपपत्र होऊन वाचली जाते.

आणि येथेही एक खुर्ची रिकामी आहे. कामगाराला साधनांशिवाय गटारात उतरविणारा कंत्राटदार, त्याला काम देणारी महानगरपालिका, यांपैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात येत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ चा आणि नंतर २०१३ चा कायदा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. ‘कोर्ट’मधील न्यायालयाला या प्रश्नाशी कर्तव्य नाही, कारण त्याच्यापुढे आरोपपत्र शाहिराविरुद्ध आलेले आहे. दामले आणि कंत्राटदार यांच्यातील हे साम्य योगायोगाचे मानता येणार नाही. कोणाला आरोपी करावयाचे हे न्यायालय बसण्याआधीच ठरलेले असते. न्यायालयाचा वेग दुप्पट केला तरी हे बदलत नाही. चुकीच्या माणसावरचा खटला लवकर संपतो एवढेच.

चित्रपटात काही दोष आहेत. पात्रांच्या खासगी आयुष्यातील प्रसंग (व्होराचे जॅझ आणि चीज, नूतनने कुटुंबासह पाहिलेले परप्रांतीयविरोधी नाटक) वर्गीय ओळखपत्रासारखे वापरलेले वाटतात, आणि अखेरीस सुट्टीतील न्यायाधीशाने झोपमोड करणाऱ्या मुलाला मारलेली थप्पड हे आधीच समजलेले पुन्हा सांगणे आहे. बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका स्त्रीचे प्रकरण पुढे ढकलले जाते, तो ओझरता प्रसंग हेच काम अधिक संयमाने करतो.

जामीन आणि कालगणना

कांबळेला पुरावा टिकत नाही म्हणून अखेर जामीन मिळतो. लवकरच त्याला बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाखाली पुन्हा अटक होते. कच्च्या कैद्यांच्या सुटकेसाठी झालेल्या सुधारणांचे मोजमाप या एका काल्पनिक आरोपीवरून करून पाहण्यासारखे आहे. हुसैनारा खातून प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने त्वरित सुनावणी हा जीविताच्या हक्काचा भाग मानला. २००५ च्या दुरुस्तीने कलम ४३६-क आले : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे. कलम ३०६ खाली कमाल शिक्षा दहा वर्षे. म्हणजे कांबळेला या सुधारणेचा लाभ पाच वर्षांनंतर. नव्या संहितेच्या कलम ४७९ ने पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एक-तृतीयांशावर आणली. म्हणजे तीन वर्षे चार महिने. परंतु त्याच कलमात असेही म्हटले आहे की, एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. दुसरे प्रकरण नोंदविणे ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात सुटकेची किल्लीही गेली. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने जामीन आणखी कठीण केला. के. ए. नजीब प्रकरणात (२०२१) प्रदीर्घ कैद हे जामिनाचे घटनात्मक कारण ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हा दिलासा आहे. पण तो मिळविण्यासाठी आधी प्रदीर्घ कैद भोगावी लागते.

यावरून सुधारणेचे निकष कोठे शोधावेत हे काही प्रमाणात दिसते. निकाली काढलेल्या प्रकरणांच्या संख्येबरोबरच साक्षीदाराच्या शब्दांचा मूळ भाषेतील ध्वनिमुद्रित अभिलेख ठेवला जातो किंवा नाही. तडजोडीपूर्वी दुर्बल पक्षकाराला स्वतंत्रपणे, समितीच्या अनुपस्थितीत, सल्ला मिळाला किंवा नाही. आरोपपत्र स्वीकारताना जो येथे नाही त्याच्याबद्दल प्रश्न विचारला गेला किंवा नाही, हेही मोजले गेले पाहिजे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता विधी साहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आहेच. हा हक्क खटला सुरू झाल्यावर वकील नेमण्यापुरता न राहता लोकअदालतीच्या टेबलापाशी आणि गावाच्या समितीसमोरही पोहोचला, तर संमती या शब्दाला काही अर्थ येईल. ग्रामन्यायालय अधिनियम, २००८ ने फिरत्या न्यायालयाची आणि सोप्या प्रक्रियेची कल्पना मांडताना न्यायाधिकारी मात्र प्रशिक्षित आणि गावाबाहेरचा ठेवला व मर्यादित अपीलही दिले. न्यायालय गावाजवळ असावे पण गावाच्या हितसंबंधांत नसावे, ही त्यामागील दृष्टी तंटामुक्तीपेक्षा अधिक सावध आहे, आणि तिच्याकडे झालेले दुर्लक्ष खेदजनक आहे.

‘कोर्ट’च्या शेवटाकडे उन्हाळी सुट्टी लागते. कांबळेच्या वकिलाने उच्च न्यायालयात जावे, असे सांगितले जाते. दालन रिकामे होते, शिपाई दिवे घालवितो, आणि पडद्यावर बराच वेळ काळोख राहतो. बेणारेला दहा सेकंद मिळाली होती. कांबळेला सुट्टी संपेपर्यंतचा काळ मिळतो, आणि तो त्याला तुरुंगात काढावयाचा आहे.